पेवाचं तोंड

रात्री अडीचला कॅमेऱ्यानं मान वळवली.
अण्णांनी सकाळी फोनवर सांगितलं, सहज,
दुधाचा हिशेब सांगावा तसं :
"झोप येईना काय गं त्रिशला तुला?
मी हात केला की. बघितलीस न्हवं?"

मी नाशकात गाढ झोपले होते.

दोन दिवसांची रजा, रात्रीची एसटी, सकाळी हरिपूर.
कॅमेरा बसवणाऱ्या पोरानं पासवर्ड ठेवला होता
एक ते सहा, ओळीनं,
आणि राउटरला एक खिडकी सताड उघडी,
जगात कुणीही यावं, डोकावावं, मान वळवावी.
सेफ्टी पिन टोचून राउटर कोरा केला.
खिडकी लावली. कडी घातली.
अण्णा स्टुलावर बसून बघत होते.
"आणि आता तू कुठनं येणार?"

"जमिनीखालनं," मी म्हटलं. "पेव समजा."

मग त्यांना काही सांगावं लागलं नाही.
चाळीस वर्षं त्यांनी हळदीची पेवं भरली, उघडली.
तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं,
वर दगड, दगडावर माती लिंपलेली,
मातीवरून गाड्या जायच्या, पोरं विटीदांडू खेळायची,
आणि खाली कुणाची किती पोती
हे मुकादमाला ठाऊक,
चिंचेपासून तेरा पावलं, मग उजवीकडं.

केबलवाला म्हणाला, साऱ्या गल्लीला पत्ता एकच आहे.
मग माझी हाक कुणाच्या दारात जाणार?
महिना दोनशे जादा.
घराला स्वतःचा आकडा मिळाला.

किल्ल्या जोडीनं तयार झाल्या,
चव्वेचाळीस अक्षरं, कुठल्याच भाषेतली नाहीत.
एक समोरच्याला द्यायची, एक कुणालाच नाही.
"मलाबी न्हाई?"
"तुम्हालाबी नाही."
"जमतंय मग तुला," ते म्हणाले.

हे दार अनोळखी थापेला
कोण, असंही विचारत नाही.
दारच नसल्यासारखं गप्प राहतं.

"आत हवा हाय काय बघितलीस?"
पेवात आधी कंदील सोडतात दोरीनं.
विझला, तर माणूस उतरत नाही.
सत्त्याहत्तर साली सिदगोंडा थांबला नव्हता.
अण्णा तेवढंच बोलले आणि चष्मा पुसत बसले.
मी पिंग सोडलं.
चार गेली, चार परत आली.
कंदील जळत होता.

संध्याकाळी एकटीच संगमावर गेले,
वायफाय बंद करून, मोबाईलच्या नेटवर,
परकी होऊन बघायला.
वारणेचं पाणी कृष्णेत शिरत होतं.
स्क्रीनवर आलं : शेवटचं हस्तांदोलन, नऊ सेकंदांपूर्वी.
दोन यंत्रांनी अंधारात हात मिळवले होते,
आणि मग
अण्णा दिसले.
बनियनवर, कॅमेऱ्याकडं पाठ,
आईच्या फोटोची काच पुसत.
मान हलत होती. काहीतरी सांगत होते तिला.
आवाजाचं बटण माझ्या अंगठ्याखालीच होतं.

परत येताना रस्ता लांब वाटला.
चोराला बाहेर काढलं, ठीक.
पण मी कोण?

जेवताना सांगून टाकलं.
त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, बराच वेळ आमटीत बुडवला.
"पेव उघडलं की लगेच वाकायचं नसतंय.
उघडं ठेवायचं जरा.
आतली वाफ जाऊ द्यायची."

आता नाशकातून रोज दहाला
आधी फोनची एक रिंग देते, तोडते.
चष्मा सापडेपर्यंत थांबते, सदरा अंगात जाईपर्यंत.
मग उतरते.

गेल्या रविवारी त्यांनीच कॅमेरा उचलून
ओसरीच्या खांबाला बांधला, सुतळीनं,
एकोणीसच्या पुराच्या रेघेच्या वर वीतभर.
घरातलं आता काही दिसत नाही.
मान वळवायचं बटण माझ्याकडं आहे अजून.

आवार दिसतं, फाटक, पायरी,
पायरीवर चपलांचा जोड.
म्हणजे अण्णा आत आहेत.