चिंगळी

गुलटेकडीच्या मागच्या फाटकापाशी पोत्यावर बसतात
वत्सलाबाई कुदळे, फुरसुंगीच्या.
चिंगळी मागितली तर म्हणाल्या,
भेळेत घालायला की लावायला?
लावायला म्हटल्यावर आधी माझ्याकडे,
मग माझ्या पर्सकडे पाहिलं.

मी मोठे मोठे वेचत होते.
त्यांनी हातातले काढून परत ढिगात टाकले.
बोराएवढा घ्या, लिंबाएवढा नको.
मोठ्याला वाटतं, आपलं एक वर्ष जगून झालंय,
आता फुलायचं तेवढं राहिलंय.
सरळ डेंगळ्याला जातो, खाली काही धरत नाही.

तरी पाच मोठे घेतलेच.
बँकेत बत्तीस वर्षं काढलेल्या बाईला
बारीक निवडायची सवय नसते.

माळ्यावर मुक्ताचा आंघोळीचा टब होता,
निळा, बदक अर्धं उडालेलं.
स्क्रू ड्रायव्हर गॅसवर तापवून सात भोकं पाडली.
मुक्ता फोनवर म्हणाली, आई, तो माझा टब आहे.
चौतीस वर्षांची मुलगी.

पितृपक्षात काही लावू नये म्हणतात. लावले.
शेंडा तेवढा बाहेर ठेवायचा;
पुरले तर कुजतात,
वर राहिले तर कावळा उपटून टाकतो.
त्याला कांदा आवडत नाही,
पण दर वेळी खात्री करून घ्यायची असते.

खालचे म्हैसकर सांगून गेले,
बनियनवर तांबडे थेंब पडतात.
टबाखाली परात सरकवली, वर एक जुडी पात पाठवली.
थेंबांचं नाव पुन्हा निघालं नाही.

थंडीत
बोराएवढ्यांनी एकेक करून माना टाकल्या.
कांद्यानं मान टाकली म्हणजे तो तयार झाला,
माहीत होतं,
तरी पहिल्या सकाळी पोटात धस्स झालं.
अकरा निघाले. नऊशे ग्रॅम.
बाजारात त्या दिवशी वीस रुपये किलो.

मोठे मात्र ताठ उभे,
एकेकाच्या दांड्यावर झिरझिरीत पिशवीत बांधलेला झुबका.
वत्सलाबाई हसल्या. मोडा आणि पिठलं करा.

चार मोडले.
डेंगळा आतून पोकळ असतो,
करंगळी जाईल एवढा, आणि ओला.

पाचवा राहू दिला.
आता त्याचा पांढरा चेंडू झालाय,
मधमाश्या कुठून येतात कोण जाणे.
मी चहा घेऊन शेजारी उभी असते
साडेनऊपर्यंत.
साडेनऊला अजून हात
लॉकरच्या किल्ल्या चाचपतो,
मग आठवतं.