पाण्याचं शेपूट

फेब्रुवारीतल्या पहाटे, पावणेचारला,
झुवैना खिडकीच्या जाळीवर काठी वाजवते.
दोनदा. तिसऱ्यांदा मी वाजवू देत नाही.
नवऱ्याचं जुनं जर्किन अंगात, पायात रबरी स्लिपर
(तो वाळवंटात, रिगवर, अजून नऊ दिवस).
बाहेर गारठा असा की बॅटरी धरलेला हात हलतो
आणि उजेड भलत्याच झाडावर पडतो.

रुस्ताकच्या डोंगरातून फलज येतो,
हातभर रुंद पाट, घोटाभर पाणी,
गावात ज्याचा त्याचा अर्ध्या-अर्ध्या तासाचा वाटा.
झुवैनाचे दोन वाटे: एकवीस खजुरी, तीन लिंबं,
शेळ्यांचा लसूणघास.
वेळ संपली की ती दगड सारते, फटीत चिंध्या कोंबते,
पाणी शेजाऱ्याकडे वळतं.
तरी तिच्या पाटात थोडं मागे राहतं,
रेंगाळलेलं, कुणाच्या वहीत नसलेलं.
ते माझं.
तिचा त्यासाठीचा शब्द मला नीट उच्चारता येत नाही.
मी शेपूट म्हणते. आता तीही म्हणते, "शेबूट".

शेपटावर माझे चार वाफे.
मेथी शेळीनं निम्मी नेली, उरली ती फुलावर आली.
कोथिंबिरीवर पांढऱ्या छत्र्या,
मुळ्याला डिंगऱ्या लागल्यात, कोवळ्या,
आणि काठ्यांवर वाल,
पेणहून नणंदेनं मोज्यात घालून आणलेला.
सासूबाई फोनवर विचारतात, काय काय पेरलंस आता?
आता काय पेरायचं?
इथे थंडी सरते म्हणजे आवराआवर.
एप्रिलात वारा तव्यावरून आल्यासारखा येतो,
त्याआधी जे पिकायचं ते पिको.

सकाळी मोतालेब कमरेला दोर घालून खजुरीवर चढतो,
नराच्या तुऱ्याच्या काड्या मादीच्या पोयीत खोचतो,
वर झावळीच्या पातीनं बांधतो.
खाली पीठ झरतं, माझ्या मुळ्यांवर.
मुळ्याचा पाला तो मागून नेतो,
नोआखालीला आई कशी परतायची ते
दर वेळी नव्यानं सांगतो, दर वेळी मिरच्या वाढतात.

मागच्या आठवड्यात हिलाल आला, सोहारहून,
गाडीत काळ्या पाइपांची गुंडाळी.
दोन दिवसांत खजुरीच्या बुडाशी नळ्या पोचल्या.
आईला म्हणाला, बघ, थेंब वाया नाही.
पाट कोरडा. त्यात मांजर निजायला लागलं.
चूक काही नव्हती त्याची.
वाया जाणारा थेंब
मीच तर होते.

त्या पहाटे मी झोपूनच राहिले.
पावणेचारला जाळी वाजली. दोनदा.
तिसऱ्यांदाही.

उठले. ती पाटाशी उकिडवी,
खुरपं पाइपच्या सांध्यात घातलेलं.
एक हिसका. पाइप खोकला, दोनदा,
आणि पाणी पाटात भळाभळा.
मांजर उडालं.
मोबाइलवर अजून सहा मिनिटं दिसत होती,
तिच्या वाट्यातली, तिच्या लिंबांची.
"हिलालला पाइपमधलं कळतं," म्हणाली,
माझ्या तुटक्या अरबीला झेपेल इतकं सावकाश,
"पाण्यातलं मला."

उरलेलं घेताना कधी संकोच वाटला नव्हता.
हे दिलेलं. याचा हिशेब आला.
दुसऱ्या दिवशी वाल भिजवला, मोड आणले,
एकेक सोलून बिरडं केलं, खोबरं घालून,
डबा घेऊन गेले.
तिनं घास खाल्ला, डोळे मिटले,
खूप वेळ चावला.
"कडू," म्हणाली, अगदी खरं.
मग पोळी घेऊन डबा पुसून खाल्ला.

काल येऊन वेलापाशी बसली.
शेंगा बोटांनी दाबून बघत होती,
शेळीची कास बघावी तशी.
कुठल्या खायच्या, कुठल्या वाळू द्यायच्या?
मी दाखवल्या त्या सात शेंगांना
पाटाच्या चिंधीतला लाल दोरा ओढून
तिनं गाठी मारल्या.
चार माझ्या, म्हणाली, तीन तुझ्या.