विनंती थांबा

पोर्थमॅडॉगहून सुटली की गाडी
आधी गावातला रस्ता ओलांडते.
मोटारी निमूट थांबतात, एक पोरगं
हातातलं आइस्क्रीम गळू देत बघत राहतं.
मग खाडी हटवून मिळवलेली सपाट जमीन, मेंढ्या,
आणि समोर डोंगर,
दार अर्धवट लोटून कुणी आत गेल्यासारखे.

बाबांनी फलाटावरून वाकून
रुळांमधलं अंतर हवेत वितींनी मोजलं होतं.
"दोन फूट. जेमतेम."
येऊन अकरा दिवस झाले होते.
कार्डिफच्या माझ्या घरात ते पाहुण्यासारखे बसत,
रिमोट हातात, टीव्ही बंद.
डॉक्टर म्हणाले, कान गेलेत, बाकी ठीक आहे.
बाकी म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

घळ सुरू झाली तसा डबा काळोखात शिरला.
माणसं हौसेने ओरडली, बोगद्यात ओरडतात तशी.
बाबा ओरडले नाहीत.
त्यांनी भिंतीला लावायला हात बाहेर काढला
आणि गार्डने
(एमलिन प्रिदर्च, बिल्ल्यावर नाव होतं)
तो हलकेच आत आणून
त्यांच्याच मांडीवर ठेवला.

बेथगेलर्टला उतरलो.
पत्रक म्हणत होतं: सोपी वाट, नदीकाठाने नांतमोरपर्यंत.
सोपी कुणाला, ते लिहिलं नव्हतं.
डांबरावर पांढरी ढोबळ अक्षरं: अराफ.
"म्हणजे?"
मी वेल्श शिकलेली चार वाक्यं, त्यातला हा एक शब्द.
त्यांच्या कानाशी ओरडले, "सावकाश!"
"अराफ," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले.
गुडघ्याला सांगितल्यासारखे.

पुलानंतर वाट खडकाला चिकटते.
कपारीत लोखंडी कड्या ठोकल्यात धरायला,
शेकडो तळव्यांनी गुळगुळीत झालेल्या.
खाली ग्लासलिन, हिरवी, फेसाळ,
आणि आवाज असा
की त्या अर्ध्या मैलात मीही बहिरी.

एका दगडात अर्धी पन्हळ होती, बोट जाईल एवढी.
बाबांनी तर्जनी घातली, थांबले.
"हातानं मारलंय हे. एकानं छिन्नी धरायची,
दुसऱ्यानं घण. प्रत्येक घावाला
धरणाऱ्यानं छिन्नी जराशी फिरवायची."
बोट तसंच आत.
"आमच्याकडे यंत्रं होती."

आणि मग ते बोलू लागले.
नदीकडे तोंड करून, सलग,
आई गेल्यावरही बोलले नव्हते इतकं.
मला तुकडे मिळाले:
रत्नागिरीच्या अलीकडे... माती, दगड नव्हे, ओली माती...
दशरथ गुरव...
डबा उघडून बसला होता...
मीच म्हटलं, आधी तेवढं...
मधलं सगळं पाण्याने नेलं.
"काय, बाबा?" मी ओरडले.
त्यांना ऐकू आलं नाही.
किंवा आलं.
मी दुसऱ्यांदा ओरडले नाही. कडी घट्ट धरून
नुसती मान हलवत राहिले,
फोनवर रेंज जाते तेव्हा हलवतो तशी.

नांतमोरचा थांबा म्हणजे एक बाक
आणि एक पाटी: गाडी हवी असेल तर हात दाखवा.
डब्यातले दडपे पोहे आम्ही तिथे संपवले.
कोथिंबीर काळी पडली होती. बाबांनी
शेवटचा घास एका मेंढीला दाखवून स्वतः खाल्ला.

धूर आधी दिसला, मग लाल इंजिन.
ते उठले, फलाटाच्या कडेशी गेले,
उजवा हात खांद्याच्या वर, सरळ,
हिरवं, लाल असं काहीच हातात नसताना.
तीस वर्षं आम्ही त्यांना घरी
सुट्टीत आलेलं बघितलं होतं.
कामावर उभं राहिलेलं हे पहिल्यांदाच.

गाडी थांबली. एमलिनने दार उघडलं.
हात खाली आला नव्हता.
मी घाई केली नाही.
एमलिननेही शिट्टी फुंकली नाही.