इतिवृत्तात नसलेलं

गावसभेत बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं.
अंडी उकडायचं घड्याळ मी घरून आणलंय,
सभागृहातलं मार्चपासून सव्वाचारवर बसलंय.
माझं काम लिहायचं :
कोण बोललं, काय बोललं, सूचक, अनुमोदक.
कोण रडलं हे लिहायचं नसतं.

विषय क्रमांक पाच.
मेन स्ट्रीटवर बुटांचं दुकान होतं,
तिथं गांजाचं दुकान येऊ द्यायचं का?
राज्य हो म्हणून बसलंय.
नको म्हणायची मुभा गावाला आहे,
अजून एकोणीस दिवस.

बाहेर बर्फाचा रेंदा. आत ओल्या लोकरीचा वास,
आणि ड्वाइटच्या करपलेल्या कॉफीचा.

निवृत्त मुख्याध्यापक टटल उठले.
तीन मिनिटांत ‘मुलं’ हा शब्द अकरा वेळा.
मी मोजला. लिहिला एकदाच.
मग सूट घातलेला तो कंपनीचा पोरगा,
त्याच्या तोंडी गांजा नाहीच, सगळं ‘उत्पादन’;
कर इतका, नोकऱ्या इतक्या,
आगीच्या बंबाच्या शेडला नवं छप्पर.
छपराला टाळ्या पडल्या.

मग बेटिना कोझलोव्ह.
कोट न काढता बोलली.
‘माझी रोझान गोळ्यांनी गेली.
गोळ्या डॉक्टरनं लिहून दिल्या होत्या.
याच रस्त्यावरच्या फार्मसीतून, रांगेत उभी राहून,
मीच आणायचे.
पावत्या आहेत माझ्याकडे.’
आणि बसली.
घड्याळात दीड मिनिट शिल्लक.
माझ्या कागदावर दोन रकाने : बाजूनं, विरोधात.
पेन दोन्हींच्या मधल्या रेघेवर थांबलं,
तिथं शाईचा एक ठिपका पडलाय.
तो पुसायचा राहू दे.

शेवटच्या रांगेत वेंडेल, माझा भाऊ.
टोपी गुडघ्यावर.
सत्याऐंशी साली, त्याच बुटांच्या दुकानामागच्या बोळात
एक पुडी त्यानं विकली,
साध्या कपड्यातल्या पोलिसाला.
सात वर्षं.
आई दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बसनं जायची,
पाच तास जायला, पाच यायला,
आणि शेजारी विचारलं तर म्हणायची, बहिणीकडे गेले होते.
बहीण तिला नव्हतीच.

आता त्याच बोळात ट्रकमधून माल उतरेल,
पुढच्या काचेवर दिवे लागतील,
उजळ माथ्यानं विकतील, पावती देतील,
पुन्हा या म्हणतील.
मी बाजूनं आहे का? आहे.
मला राग येतो का? येतो.
या दोन्हींना एकच तोंड आहे, माझं,
आणि ते सभेत उघडायची मला परवानगी नाही.

‘आणखी कुणी?’ अध्यक्षांनी विचारलं.
वेंडेल खोकला.
मी घड्याळाला तीन मिनिटं भरली.
तो उठेल असं वाटलं.
त्यानं टोपीची शिवण बोटानं चाचपली,
एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत,
आणि परत.
अध्यक्ष म्हणाले, बरं, मतदान घेऊ.
मी चालू घड्याळ तसंच पिशवीत टाकलं.

तीन विरुद्ध दोन.
कोणते तीन, ते उद्या दारावर लावीन.
सभा नऊ वाजून बारा मिनिटांनी संपली.

खुर्च्या नेहमीसारख्या वेंडेलनंच रचल्या,
आठ-आठच्या थप्प्या, भिंतीला टेकवून.
बेटिनाची खुर्ची त्यानं सगळ्यात शेवटी उचलली,
ती उठेपर्यंत थांबून.
दोघं काही बोलली नाहीत.
त्यानं फक्त तिच्यासाठी दार धरलं,
आणि थंडी आत आली.

गाडीशी पोचलो तेव्हा पिशवीत घंटा वाजायला लागली.
वाजत राहिली.
किल्ल्या, हातमोजे, इतिवृत्ताची वही,
यांच्याखाली सापडेना.

वेंडेल काचेवरचा बर्फ खरवडत होता.
मान वर न करता म्हणाला,
‘घरी अंडी आहेत ना?’