नेब्रास्कातला अर्धा स

शिकागोहून सुटलेली गाडी
हार्लन क्रॉसिंगला पहाटे तीन चाळीसला यायची,
म्हणजे कागदावर.
खरं तर पाचला, सहाला,
एकदा सव्वानऊला, बर्फात इंजिन रुसलं तेव्हा.

आणि कधीही उतरा,
धान्याच्या कोठारांखाली पिवळा दिवा लावून
कुचेराची बस उभी.
हीटर चालू. डॅशबोर्डवर सूर्यफुलाच्या बिया,
टरफलांसाठी कॉफीचा रिकामा कप.
उत्तरेला ब्लूस्टेमपर्यंत बासष्ट मैल,
भाडं गाडीच्या तिकिटातच.

उशिराबद्दल मी एकदा माफी मागितली,
जसं काही इंजिन मीच हाकत होते.
तो म्हणाला, बाई, गाडी येत नाही
तोवर मला उशीर होतच नाही.

त्या पहाटे काचेवर वाफ धरली होती.
बोटानं मी त्याला नेब्रास्का लिहून दाखवलं.
हा मधला लंगडा कोण, त्यानं विचारलं.
म्हटलं, अर्धा स.
उभं राहायला उभी रेघच नाही त्याला,
पुढच्या का-वर रेलून आहे.
आणि का निघून गेला तर?
तर पाय मोडतो.
खरंच, असंच म्हणतात आमच्यात:
पाय मोडलेलं अक्षर.
ब्लूस्टेम येईस्तोवर तो हसत होता.

आधी रविवार गेला.
मग मंगळवार, गुरुवार.
मग बसची व्हॅन झाली,
व्हॅनवर दातांच्या डॉक्टरची जाहिरात.
मग व्हॅनचा फोन नंबर झाला:
अठ्ठेचाळीस तास आधी कळवा,
गाडीला उशीर झाल्यास थांबणार नाही.
मग नंबर लागेनासा झाला.
बंद केली असं कुणीच म्हणालं नाही.
काउंटीनं राज्याकडे बोट दाखवलं,
राज्यानं कंपनीकडे,
कंपनीनं एका आकड्याकडे:
दिवसाला सरासरी चार पूर्णांक दोन माणसं.
दशांशचिन्हाच्या पलीकडची ती मी असेन,
बुटकी आहे.

कुचेरा आता शाळेची बस चालवतो.
औषधांच्या दुकानात भेटला तेव्हा म्हणाला,
तिथे घंटा असते, थांबायचं काम नाही.
एवढंच. मग खोकल्याचं औषध शोधू लागला.

छप्पन्नाव्या वर्षी मी मोटार शिकले.
हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर
काचेवरच्या रक्तात चुका शोधणारे माझे डोळे
रात्री समोरचे दिवे फिसकटवून टाकतात.
तरी परवा भाच्याला आणायला गेले, अवधूतला.

गाडी पाच वीसला आली. सहा जण उतरले.
वेटिंग रूमला कुलूप.
भिंतीवर वेळापत्रक मात्र अजून,
त्यातल्या बसच्या चित्रावर चिकटपट्टी,
तीही एका कोपऱ्यातून सुटत आलेली.
दोघांना कुणाचा तरी पिकअप घेऊन गेला.
कत्तलखान्यात रात्रपाळी करणारी इमेल्दा चोक
ओळखीची. तिला आणि तिच्या लेकाला
मी मागे बसवलं.

एक म्हातारा उरला.
कॅनव्हासची पिशवी, पायात उन्हाळी बूट.
बस कुठून सुटते, त्यानं विचारलं.
तिकीट पुढे केलं. त्यावर छापलेलं होतंच:
पुढील प्रवास बसने.

सातला माझी पाळी होती.
येईल बहुतेक, मी म्हटलं.
इंग्रजीत म्हटलं, म्हणून पटकन म्हणता आलं.

मोटारीत एक जागा होती.
तिच्यावर अवधूतची सूटकेस बसली होती,
पट्टा लावून.

आरशात तो बराच वेळ दिसत राहिला,
कुचेरा बस लावायचा नेमका तिथे,
डांबरावरच्या जुन्या तेलाच्या डागावर,
एका अंगाला किंचित कललेला,
पुढचं अक्षर जिकडून यायचं
त्या अंगाला.