नऊ चौरस फूट

भाऊंचं रिटर्न मीच भरते.
पेन्शन, बँकेचं व्याज, आणि हिंगण्याच्या फ्लॅटचं भाडं.
चौदा हजार. दोन नर्सेस राहतात,
वेळेवर देतात, चपला ओळीत काढतात.

भाड्यातून महापालिकेचा कर वजा होतो.
अट एकच: ज्या वर्षी भरला, त्या वर्षी.
बिल कुठल्या सालाचं, कुणी विचारत नाही.
पावतीवरची तारीख बोलते, बाकी सगळे गप्प.

त्या वर्षी भाऊंनी कर भरला नाही.
पैसे होते. पाकिटात; पाकीट कपाटात; किल्ली जानव्याला नाही,
करगोट्याला.
पण बिलात फ्लॅट सहाशे एकवीस फुटांचा
आणि भाऊंच्या टेपने सहाशे बारा.
"नऊ फूट माझे नाहीत. त्यांचा कर मी का भरू?"

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं
माणसाने मापं घेतलेली.
तिथं सुताची चूक म्हणजे
कुणाचा तरी हात.

"भाऊ, मेअखेर भरला तर सवलत आहे."
"सवलत नको. आकडा बरोबर द्या म्हणावं."
"मार्चअखेर तरी भरा, नाहीतर रिफंड…"
"रिफंड माझाच ना? मग पळून कुठं जातोय?"

अकरा अर्ज गेले. प्रत्येकाखाली 'आपला विश्वासू',
प्रत्येकाची पोच शिक्क्यासकट.

एकतीस मार्चला मी अर्धी रजा टाकली.
क्षेत्रीय कार्यालयात सर्व्हर बसलेला, माणसं उभी,
दोरीने बांधलेलं पेन चालत नव्हतं
आणि दोरी मात्र घट्ट.
मोबाइलवर रक्कम भरून ठेवली होती मी.
नऊ हजार आठशे साठ. फक्त अंगठा टेकायचा.
भाऊ स्क्रीनकडे न बघता म्हणाले,
"दाबलंस, की मी त्या नऊ फुटांचा मालक झालो."
मी फोन पर्समध्ये टाकला.
रात्री बारा वाजता वर्ष संपलं. आवाज वगैरे काही झाला नाही.

चार एप्रिलला खैरनार मॅडम स्वतः टेप घेऊन आल्या.
गुडघ्यांवर बसल्या, नर्सेसच्या सिलिंडरमागे सुद्धा हात घातला.
"सहाशे बारा. मेमाणेकाका, तुमचंच बरोबर."
भाऊंनी त्याच दुपारी कर भरला, शास्तीसकट,
सुट्टे पैसे मोजून,
आणि रसवंतीवर उसाचा रस घेतला. दोन ग्लास. बिनबर्फाचा.

जुलैत रिटर्नच्या त्या रकान्यात मी शून्य लिहिलं
आणि जरा वेळ त्याच्याकडे बघत बसले.
रिफंड चौदाशे पस्तीसने कमी.
तो बुडत नाही, नुसता एक वर्ष पुढे जाऊन बसतो.
शास्ती मात्र गेली ती गेली, अकराशे.
नऊ फुटांचे वाचणार वर्षाला एकशे त्रेचाळीस.
म्हणजे आठ वर्षांत फिटेल.
भाऊ तेव्हा एक्याण्णव.
हा हिशेब मी वहीत नाही, बिलामागे केला
आणि बिल फाडलं.

पुढच्या खेपेला दोन्ही पावत्या एकाच वर्षात पडल्या,
एप्रिलची जुनी, मेची नवी, सवलत घेतलेली.
दोन्ही वजा. कायद्याला काही हरकत नव्हती.
सप्टेंबरात रिफंड आला, घसघशीत.

तोवर भाऊ सकाळपासून तीनदा विचारू लागले होते,
आज किती तारीख.
सांगितली की मान डोलवायचे, जणू तीही तपासून घेतली.

पासबुक त्यांच्यापुढे धरलं.
बोट त्या ओळीवर ठेवून म्हणाले,
"हे कुठल्या वर्षाचे?"
खात्याच्या लेखी, या. माझ्या लेखी, त्या.
"दोन्ही वर्षांचे, भाऊ."
बोट तिथंच.
"मोजलेस?"
"मोजले."
"परत मोज."