नाकासमोर

टेमा बंदरामागे, मिठाच्या गोदामाला लागून
आंटी कोर्कोरचं शीतगृह.
कुलूप तोडावं लागलं नाही.
तिने आपणच किल्ली दिली,
कमरेच्या गाठीतून सोडवून.

दार उघडलं तेव्हा
पोलीस एक पाऊल मागे गेला,
हमाल याओत्से दोन पावलं,
माझा कारकून खिशात रुमाल शोधू लागला.
त्यावरून मी लिहिलं: उग्र दुर्गंधी.

कचेरीत म्हणतात, टेटे नाकासमोर चालणारा माणूस.
म्हणोत.
दोन वर्षांमागच्या तापात माझं नाक गेलं
ते परत आलं नाही, हे फक्त बायकोला ठाऊक.
तेव्हापासून मी वास
लोकांच्या तोंडावर वाचतो.

टर्कीच्या शेपट्या, बावीस खोकी.
डुकराचे पाय, नऊ.
काळीज, पाणी सुटलेलं, मोजलं नाही.
चार रात्री वीज नव्हती साहेब, ती म्हणाली,
तिसऱ्या रात्री डिझेलही संपलं.
पंचनाम्यात विजेला रकाना नाही.
मी समासात लिहिलं, मग खोडलं.

तिने मधल्या थप्पीतून एक खोकं ओढलं,
फोडलं, माझ्या तोंडाशी धरलं:
हे अजून गार आहे. घ्या वास.
मी घेतला. लांब, छातीभर,
जसा नाकाचा माणूस घेतो.
मग तिच्याकडे पाहिलं.
चार रात्रींचं जागरण चेहऱ्यावर,
त्याखालचं काही वाचता येईना.
बोटाला मांस गार लागलं.
किंवा बोटच गार होतं.

कायद्यात मधलं खोकं नसतं.
सगळ्यावर निळा रंग ओतला,
रात्री उकरून कुणी विकू नये म्हणून.
निळं पाणी उंबऱ्याबाहेर आलं,
तिने पाय मागे घेतले नाहीत.
कारकुनाने अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढे केला
तर म्हणाली,
सही येते मला.

संध्याकाळी ट्रोट्रो गच्च,
तरी माझ्या शेजारची जागा भरेना.
एक बाई बसली, आणि नाकाला कापड लावून
मागे कुणाच्या तरी गाठोड्यावर जाऊन टेकली.
हात तीनदा धुतले होते मी.
शर्ट राहिला होता.

पुढच्या थांब्यावर कोर्कोर चढली.
अख्खी गाडी पाहिली तिने
आणि माझ्या शेजारी येऊन बसली,
निळी बोटं मांडीवर.
दोन थांबे गेले. मग हळूच,
साहेब, ते मधलं खोकं…
चांगलं होतं ना?

मी नाकासमोर बघत राहिलो.